आतोबांची आडवी बाटली

दारूवर आमच्या आतोबांइतका विचार केलेला माणूस सांगली जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि दारूबद्दल त्यांच्याइतकं कमी ठाऊक असलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. तीसेक वर्षं त्यांनी सांगलीच्या एका दैनिकात राजकीय व्यंगचित्रं काढली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त दारू, गुटखा, गांजा, परवाने, बंदी आणि बंदी उठवणारे मंत्री यांच्यावर होती. स्वतः त्यांनी दारूचा थेंब तर सोडाच, वासही घेतला नव्हता. घर जैन, धंदा बेदाण्याच्या अडतीचा, कांदा-लसूण वर्ज्य, संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. खोकल्याचं औषध घ्यायचं झालं तरी आधी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणार, त्यात काही संशयास्पद दिसलं की हळदीच्या गुळण्यांवर भागवणार. "शत्रूला लांबूनच ओळखावा," असं ते म्हणत. आता इतक्या लांबून ओळखायचा म्हटल्यावर तपशिलात घोटाळे व्हायचेच, आणि ते भरपूर झाले.

पहिला घोटाळा त्यांच्या दारुड्याचा. तो दारुडा म्हणजे माझे वडील. वडील पाटबंधारे खात्यात, काही वर्षं कोयनानगरच्या वसाहतीत होते. त्यांना गाडी लागायची. घाटातली वळणं संपवून एसटी थांबली की ते एक हात बसला आणि दुसरा पोटाला लावून, अर्धवट डोळे मिटून, पायानं जमीन चाचपत खाली उतरायचे. आतोबा लग्नानंतर पहिल्यांदा आत्याला घेऊन तिकडे गेले, तेव्हा त्यांनी मेव्हण्याचं हे रूप स्टँडवर पाहिलं आणि तिथल्या तिथं तिकिटाच्या पाठीवर टिपून घेतलं. खरा झिंगलेला माणूस जवळ जाऊन बघायची त्यांची छाती नव्हती. त्यामुळे पुढं सांगलीच्या त्या दैनिकातला प्रत्येक मद्यपी, मग तो मतदार असो, ठेकेदार असो की आमदाराचा भाचा असो, कोयनेला एसटीतून उतरणाऱ्या आमच्या वडिलांसारखाच चालला. वडील पुढं साताऱ्याला आले, तिथं ते तो पेपर मुद्दाम मागवायचे. सकाळी उघडून बघायचे आणि आईला म्हणायचे, "आज परत आलोय मी."

दुसरा घोटाळा बाटलीचा. आतोबांच्या घरात काचेची मोठी अशी एकच बाटली होती, एरंडेल तेलाची. तिच्यावरूनच त्यांनी जिल्ह्याचं सगळं अबकारी धोरण रंगवलं. रुंद खांदे, आखूड मान आणि वर लाकडी बूच. मार्केट यार्डातला एक हमाल एकदा पेपर घेऊन दुकानात आला नि म्हणाला, "अण्णा, ह्या बाटलीनं प्वाट साफ व्हईल, नशा न्हाई यायची." आतोबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'दारू' असं लिहायला लागले. लिहिण्याची त्यांना तशीही भारी हौस. मंत्र्याच्या टोपीवर 'मंत्री', कुत्र्याच्या पट्ट्यावर 'जनता', आणि खुर्ची अगदी खुर्चीसारखी काढूनही तिच्यावर 'खुर्ची'. शिवाय चित्र कुणाला दाखवायचं तर आधी तोंडी सांगायचं, मग दाखवायचं, मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. तुम्ही लवकर हसलात तर ते नाराज होत. "थांब, खालची ओळ वाचली नाहीस अजून." उशिरा हसलात तर संध्याकाळपर्यंत खंतावत. मी नोकरीनिमित्त साताऱ्याहून सांगलीला आलो आणि त्यांच्या घराजवळच खोली घेतली, तेव्हापासून नेमक्या वेळी हसणं हे माझं दुसरं कामच झालं होतं.

कॉम्प्युटर ते शिकले नाहीत. पहाटे आंघोळ, देवदर्शन उरकून ते बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यावर कागद पसरायचे, शाईनं चित्र काढायचे, मोबाइलवर फोटो मारायचे आणि संपादकांना पाठवून द्यायचे. फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा येई. बहुतेक वेळा तो ऑफिसात कापला जाई, पण गुटखाबंदीवरच्या एका चित्रात राहून गेला. पानटपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, शेजारी बंदीचा हुकूम, आणि डाव्या बाजूनं आत शिरलेला एक भला थोरला अंगठा. त्या चित्राची जितकी वाहवा झाली तितकी आतोबांच्या दुसऱ्या कुठल्याही चित्राची झाली नाही. सरकारनं हुकमावर नुसता अंगठा उठवलाय, हे किती मार्मिकपणे दाखवलंय, असे फोन आले. आतोबांनी सगळ्यांचे आभार मानले. मला मात्र म्हणाले, "पुढच्या चित्रात मुद्दाम घालू का रे? पण मुद्दाम घातला तर बरोबर येणार नाही."

मध्यंतरी आपल्या भागात नशेच्या पावडरीवर छापे पडू लागले, तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली. पांढऱ्या कागदावर पांढरी पावडर काढायची कशी? त्यांनी ठिपके ठिपके देऊन एक ढीग काढला, त्यावर पोलीस उभा केला, आणि आत्यानं बघून विचारलं, "पिठीसाखरेवर का उभा केलाय ह्याला?" उसाच्या फडात गांजा सापडला तेव्हा ऊस आणि गांजा त्यांनी असा काही काढला की पोलीस केळी उपटतोय असं वाटलं. किराणा दुकानात वाइन ठेवायची चर्चा निघाली तेव्हा तर आठवडाभर ते दुसरं काही बोललेच नाहीत. द्राक्षाचं काय करायचं हे तासगावनं कधीच ठरवून टाकलंय, त्याला उन्हापासून आडोसा द्यायचा, वारा द्यायचा, आणि बेदाणा झाला की देवापुढं ठेवायचा, असं त्यांचं मत. आणि एवढं सगळं करून त्यांच्यावर कुणी रागवायचं नाही, हेच त्यांचं मोठं दुःख होतं. ज्या पुढाऱ्याला बाटलीत बसवलं, त्याचाच पीए सकाळी फोन करायचा, "साहेबांना मूळ चित्र पाहिजे, फ्रेम करून बंगल्यात लावायचंय." आतोबा चित्र देत, वर पावशेर बेदाणा देत, आणि घरी येऊन म्हणत, "आपली सुई टोचतच नाही कुणाला. त्यांना गुदगुल्या होतात."

आणि मग शालनताई आल्या. तासगावच्या पुढच्या एका गावात त्या बेदाण्याच्या शेडवर माल निवडायच्या, म्हणून दुकानाच्या ओळखीच्या. पण त्या दिवशी मालाचं काम नव्हतं. मी तिथंच होतो. तिघी-चौघींना घेऊन त्या गादीसमोर बसल्या आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाल्या, "आवं अण्णा, तुमी पेपरात बाटल्या काढताय न्हवं? आमास्नी एक आडवी काढून पायजे."

आतोबांचे दोघे धाकटे भाऊ गादीवरच होते. त्यांनी एकदम हिशेबात माना घातल्या. शालनताईंनी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान लागलं होतं. मताच्या चिठ्ठीवर दोनच चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आणि यादीतल्या निम्म्यापेक्षा जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारायला हवा. जी घरात बसून राहील तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, कितीजणींना नवऱ्यांनी दम भरला होता. भिंतीवर, पत्रकावर ठसठशीत चित्र पाहिजे होतं. "माझा मालक पितोय," शालनताई म्हणाल्या, जसं कुणी नवरा गवंडी आहे म्हणून सांगावं तसं. "पिऊन आला की भांडी फेकतोय. पोरीला आता कळाय लागलंय."

इतक्या वर्षांत आतोबांचं चित्र कुणाला खऱ्या कामासाठी हवंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. ते रात्रीचे झोपले की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माझ्या गाडीतून चित्र घेऊन गावात गेलो. चित्रात आडवी बाटली होती, तिच्यावर पाय दिलेली नारीशक्ती होती, साखळदंड होते, पळणारा ठेकेदार, रडणारा मंत्री, मावळणारा सूर्य आणि उगवणारा सूर्य होता, आणि सगळ्यांवर नावं होती. बायकांनी ते हातोहात फिरवलं. शेवटी शालनताई जपून म्हणाल्या, "झ्याक हाय. पर ह्यात बाटली कुठाय?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळं काढून टाकलं आणि नुसती एरंडेलाची बाटली आडवी केली. इतकी प्रेमानं रेखाटली होती की ती जेवून वामकुक्षी घेत असल्यासारखी दिसत होती. एक बाई बघून म्हणाली, "ही झोपल्याली हाय. उद्या उठंल की." आणि दुसरीनं सांगून टाकलं की त्यांच्या दुकानात असली बाटली मिळतच नाही.

परतताना सांगलीच्या रस्त्याला लागल्यावर आतोबा म्हणाले, "एक खरी बाटली आणून देशील का? रिकामी."

मी भंगारवाल्याकडून देशीची एक रिकामी बाटली आणली. ती हातात घेऊन आतोबा थक्क झाले. "एवढीशी?" ते म्हणाले. "एवढ्याशा बाटलीनं एवढं होतं?" आत्यानं ती घरात येऊ दिली नाही. अंगणातही नको म्हणाली. म्हणून आतोबा रोज सकाळी फाटकाबाहेर माझ्या गाडीच्या बॉनेटवर बाटली ठेवून, स्टूल टाकून समोर बसायचे. ऊन तिच्यातून कसं जातं, मानेजवळ काच कशी जाड होते, सगळं बघायचे. आमच्या मंदिराचे एक पंच रोज त्याच वेळी दर्शनाला जात. त्यांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी वाट बदलली. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून वडिलांचा मला फोन आला. आवाज एकदम हळू. "अरे, आतोबांना कसलं टेन्शन आहे का? सकाळी सातलाच सुरू करतात म्हणे."

पण आतोबांना बाटली सापडली. तीस वर्षांनी का होईना, सापडली. एका कागदावर उभी, एका कागदावर आडवी, जोडीनं काढल्या. उभीवर सकाळचं ऊन होतं. काचेला खरीच चमक होती. मी ती बघितली आणि चुकीच्या वेळी, बरोबर वेळी, कुठल्याच वेळी हसलो नाही. नुसतं "वा" म्हणालो. आतोबा लाजले.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात शालनताईंनी गावात मारुतीच्या देवळापुढं बायकांचा सराव ठेवला. आतोबांची दोन्ही चित्रं एका चिठ्ठीवर छापून घेतली होती. प्रत्येकीनं आपल्याला दुकान बंद व्हायला हवं तर कुठं खूण करायची, ते करून दाखवायचं. सगळ्या येऊन गेल्या. मी आणि शालनताई चिठ्ठ्या उघडू लागलो आणि आमची तोंडं उतरली. उभी बाटली सरळ पुढं होती. आतोबा पारावर बसून आमच्याकडे बघत होते. ऐंशीच्या घरातली एक आजी तिथंच टेकली होती. तिला खूण करताना शालनताईंनी बघितलं होतं. त्यांनी विचारलं, "आत्याबाई, तुमी उभीवर का फुली मारली? आडवीवर मारायची सांगितलं न्हवतं व्हय?"

"सांगितलं की," आजी म्हणाली. "पर उभी लय देखणी हाय गं. कशी लखलखतीया. आन् ती आडवी बघून जीव तुटतोय. पडल्यालं कुणी असलं तर त्याला उचलावं का तुडवावं?"

आतोबांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांच्या चित्राचं इतकं खरं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं, आणि त्या कौतुकानं त्या गावातलं दुकान वाचणार होतं. ते उठले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला. मग मला म्हणाले, "गाडीतली बाटली आण."

मी आणली. त्यांनी ती पाराच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली आणि बाजूला झाले. "चित्र राहू दे," ते बायकांना म्हणाले. "माझं चुकलं. तुम्ही एकेकीनं या आणि हिला आडवी करा. हातानं करा. त्या दिवशी शिक्का मारताना फक्त हे आठवायचं."

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. कुणी पुढं येईना. मग शालनताईंनी पदर खोचला, पुढं झाल्या आणि बोटानं ढकलून बाटली पाडली. काच दगडावर खणकन वाजली. आतोबांनी ती परत उभी केली. मग दुसरी आली, तिसरी आली. आजीनं काठीनं पाडली. प्रत्येक वेळी आतोबा वाकून बाटली उभी करत होते. एक तरणी सून मागं उभी होती. ती आली, बाटलीसमोर थांबली आणि गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागली. तिथं पुरुषांचा घोळका होता. शालनताई म्हणाल्या, "तिकडं बघू नगं." तिनं बाटली अगदी हळू आडवी ठेवली, एखादं तान्हं पोर ठेवावं तशी. मग स्वतःच ती परत उभी केली आणि हाताच्या पालथ्या बाजूनं असा फटका मारला की बाटली पारावरून खाली जाऊन आतोबांच्या पायाशी लोळत आली. आतोबांनी ती उचलली, पुसली आणि कट्ट्यावर ठेवली.

"आणखी एकदा?" त्यांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

मतदान गावच्या शाळेत झालं. आत फक्त बायका. आतोबा आणि मी कुंपणाबाहेर चिंचेखाली सकाळपासून बसलो होतो. दुपारपर्यंत रांग छोटी होती, आणि आतोबा येणाऱ्या प्रत्येक बाईकडे असे बघत होते की मला त्यांना दोनदा सांगावं लागलं, असं बघू नका, लोक काय म्हणतील. ऊन उतरल्यावर शेतातून बायका यायला लागल्या. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या डोक्यावर वैरण. वैरण शाळेच्या दारात उतरवून त्या आत जात होत्या. आत्यानं आतोबांना भाकरीचा डबा दिला होता, सूर्यास्ताच्या आत जेवा म्हणून दहा वेळा बजावलं होतं. डबा मांडीवर तसाच राहिला. आत मोजणी सुरू झाली आणि ते शाळेच्या दाराकडे असे टक लावून बसले की सूर्य कधी गेला ते कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि मला दिला. "तू खाऊन घे," म्हणाले. पाणीही प्यायले नाहीत. त्यांचा नेम मोडला नाही, जेवण तेवढं हुकलं.

बऱ्याच वेळानं शाळेचं दार उघडलं आणि शालनताई पायरीवर आल्या. त्यांनी सगळ्या गर्दीतून आमच्याकडे बघितलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "पडली."

आत-बाहेर जो काही गलका उठला, त्यात आतोबा उभे राहिले, चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला. कुणी त्यांना गुलाल लावला नाही. परगावचा पुरुष माणूस म्हणून बायका त्यांना वळसा घालूनच नाचत होत्या. त्या दिवशी ते इतके थकले की दुसऱ्या दिवशीचं चित्र पाठवायचं राहिलं. संपादकांनी त्या जागी गादीच्या कारखान्याची जाहिरात लावली. जाहिरात लोकांना आवडली असावी, कारण नंतर ती आठवड्यातून तीनदा येऊ लागली आणि आतोबा उरलेल्या दिवसांवर आले.

पण त्यांना खरा धक्का बसला तो पुढं काही महिन्यांनी. त्या गावची हद्द संपते तिथं, हमरस्त्याच्या फाट्यावर, दुसरं दुकान निघालं. परवाना दुसऱ्या गावच्या नावावर, सगळं कायदेशीर. बातमी वाचून आतोबांनी पेपरची घडी घातली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. मी संध्याकाळी गेलो तर खोक्यावर कोरा कागद पडला होता. "तीस वर्षं काढतोय," ते म्हणाले. "काय झालं? दुकान दोन किलोमीटर सरकलं." मी काहीतरी बोललो, पण ते ऐकत नव्हते. पंधरा-वीस दिवस त्यांनी काहीच पाठवलं नाही. पेपरनंही विचारलं नाही. आत्या मला हळूच म्हणाली, "त्यांची चित्रं मला कधी कळली नाहीत. पण पहाटे शाईचा वास नाही आला की घर सुनं वाटतं रे."

मग बेदाण्याचा हंगाम सुरू झाला आणि शालनताई मालाच्या टेंपोबरोबर दुकानात आल्या. आतोबा गादीवर होते. त्यांनी शालनताईंकडे नीट बघितलंही नाही. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "ताई, मला वाईट वाटतं. तुमची एवढी मेहनत फुकट गेली."

शालनताई पोत्यावर बसल्या. "फुकट कशी जाईल?" त्या म्हणाल्या. "आदी दुकान दाराम्होरं हुतं. प्याला की तसाच आत. आता फाट्यापतूर चालत जातोय, चालत येतोय. येईस्तवर निम्मी उतरतीया. दमल्याला असतोय. दारात उभा ऱ्हाऊन इचारतोय, 'भाकरी हाय का?' आदी कवा इचारत न्हवता, अण्णा. पोरगी वाढती त्याला. खातो नि झोपतो."

आतोबांच्या एका धाकट्या भावानं हिशेबातून वर बघितलं आणि परत मान घातली. शालनताई पदर सावरून टेंपोकडे गेल्या.

मी आतोबांजवळ सरकलो. मला वाटलं, हेच. यापेक्षा चांगलं चित्र त्यांना मिळायचं नाही, खालची ओळसुद्धा तयार आहे. म्हटलं, "आतोबा, उद्याच्यासाठी हे काढा. दारात उभा राहिलेला तो. सगळी सांगली वाचेल."

आतोबा बाहेर बघत होते. शालनताई टेंपोतून खोकी उतरवून घेत होत्या. तसंच बघत त्यांनी मान हलवली.

"हे नको," ते म्हणाले. "लोक हसतील."